दहावीचे टक्के, आपल्या अपेक्षा आणि मुलांना खरोखर लागणारी मदत

कृष्णकमळ

प्रिलिमचे पेपर बहुतेक शाळांतून हातात आलेत आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकच चौकशी चालू आहे: "तुमच्याकडे किती?" माझी मुलगी परळला मराठी शाळेत, सेमी इंग्रजीत, दहावीला आहे. एक मुद्दा मांडते, तुमची मतं वाचायला आवडतील.

टक्के विचारणारे पालक पुष्कळ, पण तपासलेला पेपर मुलासोबत बसून पानन्पान बघणारे फार थोडे. अपेक्षा ठेवण्यात वाईट काही नाही, मीही ठेवते. पण मार्क गेले कुठे हेच ठाऊक नसेल तर "अजून अभ्यास कर" या वाक्याचा मुलांना काडीचा उपयोग नाही.

आमचंच सांगते. भूमितीत ४० पैकी २४. लेकीचा चेहरा उतरलेला, आजी म्हणाली क्लास बदला. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी पेपर पसरला. प्रमेय तिला येत होतं. आकृती नीट, पायऱ्या नीट. पण गिव्हन आणि टू प्रूव्ह, म्हणजे आपलं पक्ष आणि साध्य, लिहिलेलंच नाही आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात द्यायचं कारण दोन ठिकाणी गाळलेलं. तिथे मार्क कापले. त्रिकोणमितीची दोन्ही गणितं मात्र खरंच येत नव्हती, तिथे नुसती खाडाखोड होती. आणि शेवटचा प्रश्न कोरा, कारण दोन तास संपले. म्हणजे गेलेले १६ मार्क तीन वेगवेगळ्या कारणांनी गेले. एकाला लिहिण्याची सवय हवी, एकाला शिकवणारं माणूस हवं, एकाला घड्याळ लावून सराव हवा. तिन्हींवर "अभ्यास कर" हे उत्तर कसं असेल?

तुमच्या घरी अपेक्षा कशा ठरतात? आणि त्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून घरात नेमकं काय बदलता?

---

फळा_खडू

कृष्णकमळताई, धागा अगदी वेळेवर काढलात. मी गिरगावात शाळेत गणित-विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. पालकसभेला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या तोंडी पहिलं वाक्य "नव्वदच्या वर हवेत" हेच असायचं. कोणत्या विषयात, आत्ता कुठे आहे, हे पुढचं बोलणं फार कमी व्हायचं.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. टक्क्यांची तुलना करताना साल बघा. बोर्डाचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये एकदम ७७.१० वर आला. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले होते. गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. आता सांगा, २०१९ ची मावशीची मुलगी आणि २०२१ चा काकांचा मुलगा यांचे टक्के एका तराजूत कसे घालणार? तरी लग्नकार्यात, गणपतीत हीच मापं काढली जातात आणि पोर मान खाली घालून उभं असतं.

बेस्ट ऑफ फाइव्हचंही तसंच. २०१० साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ते कायम राहिलं. सहा विषयांतले सर्वाधिक गुणांचे पाच धरतात. बाबांच्या वेळी सगळ्या विषयांची बेरीज व्हायची. "आम्हाला ७२ होते तेव्हा आख्ख्या चाळीत पेढे वाटले" हे खरंच आहे, पण ते ७२ आणि आजचे ८५ यांत कोण पुढे हे कुणालाच सांगता येणार नाही.

२०२५ ला राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. त्यात चित्रकला, लोककला, शास्त्रीय संगीत, खेळ यांचे सवलतीचे गुणही असतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए श्रेणी असेल तर ७, बी ला ५, सी ला ३. म्हणून माझा आग्रह असतो, आठवी-नववीत मुलांचा चित्रकलेचा तास आणि मैदान बंद करू नका. आणि हे गुणांसाठी नाही, मुलाचं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून.

---

नववीची_आई

फळा_खडू मॅडम, सालाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद. वाचतेय.

---

गिरणगावकर

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो.

पेपर बघा, तुलना करू नका, हे पटतं. पण "टक्के महत्त्वाचे नाहीत" असा सूर पुढे लागतो म्हणून आधीच बोलतो. आमच्यासारख्यांना टक्के महत्त्वाचेच आहेत. मी लालबागला राहतो, नोकरी खाजगी, पगार सांगण्यासारखा नाही. अकरावीला अनुदानित तुकडीत जागा मिळाली तर फी झेपते. तीन-चार टक्के कमी पडले की त्याच कॉलेजची विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तुकडी दाखवतात आणि फीचा आकडा बघून पोटात गोळा येतो. ज्यांना हे परवडतं त्यांनी मुलांना "टेन्शन घेऊ नकोस" म्हणावं. मी माझ्या मुलाला ते खोटं कशाला सांगू?

शिवाय ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम भरायचे दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. रुईया, रुपारेल, साठ्ये, वझे-केळकर, कटऑफ बघितले की कळतं एकेका मार्काचं वजन किती ते. मुलाला हे माहीत असायला हवं असं माझं ठाम मत आहे.

---

कृष्णकमळ

गिरणगावकर दादा, टक्के महत्त्वाचे नाहीत असं मी कुठेच म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुम्ही लिहिलंत ते आमच्याही घरचं आहे. फीची गोष्ट मुलांपासून लपवू नये याच मताची मी आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला घरचं गणित कळतं.

माझं म्हणणं एवढंच, की "आपल्याला अनुदानित जागा हवी, त्यासाठी मागच्या वर्षीचा कटऑफ अमुक, तू आत्ता तमुकवर आहेस, मधलं अंतर कोणत्या विषयात भरून निघेल ते आपण बघू" हे बोलणं वेगळं. आणि "एवढी फी भरतोय, काहीतरी लाज वाट" हे वेगळं. पहिल्यात मुलाला कामाला हात घालता येतो. दुसऱ्यात त्याने करायचं काय?

---

मुलुंडवासी

मला वाटतं आपण जरा जास्तच हळवे झालोय. धाक हवा. माझे वडील कडक होते, रेडिओ बंद म्हणजे बंद, म्हणून आम्ही तिन्ही भावंडं शिकलो. आजची मुलं मोबाईलवर रात्री एक-एक वाजेपर्यंत असतात आणि आईबाप घाबरतात, काही बोललो तर जिवाचं बरंवाईट करेल म्हणून. मुलांनी नंतर "तेव्हा का नाही ओरडलात" असं विचारलं तर काय उत्तर द्याल? पेपर बघणं वगैरे ठीक, पण बघून झाल्यावर दोन शब्द सुनवावे लागतात.

---

अकरावीतला

नमस्कार. मी इथे सहसा फक्त वाचतो. मागच्या वर्षी दहावी दिली, आता दादरला कॉमर्सला आहे. मुलांच्या बाजूने लिहावंसं वाटलं.

मुलुंडवासी काका, मोबाईलचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आम्हाला स्वतःहून तो बाजूला ठेवता येत नाही. आमच्याकडे बाबांनी एक केलं. साडेआठ ते साडेदहा सगळ्यांचे मोबाईल टीव्हीच्या कपाटात. त्यांचाही, आईचाही. बाबा ऑफिसचे कागद घेऊन माझ्यासमोर बसायचे. काही शिकवायचे नाहीत, त्यांना आमचं सिलॅबस येतही नाही. पण ते बसलेत म्हटल्यावर मीही उठायचो नाही. ओरडून माझा मोबाईल काढून घेतला असता तर मी तो रात्री पुन्हा शोधलाच असता.

मोठ्यांना कदाचित माहीत नसेल, पण सगळ्यात जास्त लागतं ते ओरडणं नाही. पेपर देऊन बाहेर आल्यावर गेटवरच "हा प्रश्न कसा सोडवलास, उत्तर किती आलं" विचारणं. आमच्या शाळेबाहेर एक मुलगी विज्ञान भाग १ झाल्यावर उत्तरं चुकल्याचं कळून तिथेच रडायला लागली, आणि भाग २ अजून व्हायचा होता. प्लीज, बोर्डात तरी सगळे पेपर संपेपर्यंत थांबा.

आणि निकालाच्या दिवशी दुपारी एकला साइट उघडते तेव्हा नातेवाइकांचे फोन आईबाबांनी घ्यावेत. मुलाच्या हातात फोन देऊन "काकूला सांग" करू नका.

---

रानमोगरा

अकरावीतला, किती नेमकं लिहिलंस रे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे दाखवते.

---

चिंचपोकळी

मदतीबद्दल कुणी जागेचं बोललंच नाही म्हणून लिहिते. मुंबईत निम्मा प्रश्न जागेचा आहे. आमची खोली दहा बाय बारा. सासूबाई आजारी, दीर नाइट शिफ्टचे म्हणून दिवसा झोपतात, संध्याकाळी मालिका. मुलीने बसायचं कुठे? तिच्याकडून ८५ ची अपेक्षा आम्ही सगळेच करत होतो, पण सकाळी पाणी भरायचं कुणी? तीच. मी सातला ड्युटीला निघते, मग चहा, भांडी तिच्याकडे. तिचा भाऊ सातवीत आहे, त्याला कुणी हात लावायला सांगत नाही.

दिवाळीनंतर घरात सगळ्यांसमोर बोलले. पाण्याचं काम नवऱ्याने घेतलं, भांडी मुलगा घासतो. सासूबाईंना सुरुवातीला रुचलं नाही, आता त्याच त्याला हाक मारतात. मुलीला सकाळचे दोन तास मिळाले. रात्री आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत जाते, परतताना मी किंवा तिचे बाबा आणायला जातो. मुलींच्या घरच्यांनी हे आणायला जाणं अंगवळणी पाडून घ्यावं, नाहीतर "रात्री नको" म्हणून अभ्यासिका बंद होते.

वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गावरची अभ्यास गल्ली माहीत असेल तुम्हाला. बीडीडी चाळीतली कितीतरी मुलं त्या दिव्यांखाली बसून शिकली. ती हौस म्हणून तिथे जात नाहीत. घरात गुडघे मोडून बसायला कोपरा नसतो. टक्के मागायच्या आधी कोपरा दिलाय का, हे प्रत्येकाने बघावं.

---

फळा_खडू

चिंचपोकळीताई, तुम्ही केलंत ते लाखमोलाचं. वर्गात झोपणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी पहाटे पाणी भरून आलेल्या असायच्या, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

---

नववीची_आई

मला एक विचारायचंय. मुलगा सीबीएसईला आहे, आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात. नववीत गडगडला. तोंडी विचारलं की सगळं सांगतो, उत्तरपत्रिकेत मात्र अर्धवट वाक्यं, शब्द गाळलेले, बेरजेत आकडे उलटे. पेपर कधीच पूर्ण होत नाही. क्लासचे सर म्हणतात आळशी आहे, हे म्हणतात लक्ष नाही. २०२६ पासून सीबीएसईची दहावी दोनदा देता येते म्हणे, सुधारणेला दुसरी संधी, त्यामुळे चिंता नको असं काहीजण म्हणतात. पण मला काहीतरी वेगळंच वाटतंय.

---

फळा_खडू

ताई, दुसऱ्या परीक्षेत जास्तीत जास्त तीन विषयांत गुण सुधारता येतात हे बरोबर, पण तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही. तोंडी येतं आणि लेखी उतरत नाही, आकडे उलटे पडतात, वेळ पुरत नाही. अशा मुलाची अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीच्या) दृष्टीने एकदा तपासणी करून घ्या. असेलच असं मी इथून म्हणू शकत नाही, ते तज्ज्ञच ठरवतील. आठवीपर्यंत हुशार मुलं पाठांतरावर निभावून नेतात आणि नववीत लिखाण वाढलं की उघडी पडतात, त्यामुळे उशिरा कळणं नवीन नाही.

मुंबईत सायनच्या टिळक रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे, केईएम आणि नायरलाही तपासणी होते. रांग मोठी असते, चाचण्यांना बऱ्याच फेऱ्या होतात, म्हणून नववीतच सुरुवात करा. प्रमाणपत्र मिळालं तर दोन्ही बोर्डांत वाढीव वेळ, गरजेनुसार लेखनिक अशा सवलती मिळतात, पण शाळेमार्फत वेळेत अर्ज जावा लागतो. जाताना दोन-तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका, वह्या सोबत न्या.

आणि तोवर घरात "आळशी" हा शब्द बंद. हे मुलाच्या बाबांनाही सांगा, माझ्या वतीने सांगा हवं तर.

---

नववीची_आई

डोळे भरून आले. सोमवारी शाळेत बोलते.

---

मुलुंडवासी

वरचं वाचून मी एक जरूर मान्य करतो, सगळ्या मुलांना एकच उपाय नाही. धाकाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण धाक म्हणजे नियम, आणि ते घरातल्या सगळ्यांना लागू. त्या अकरावीतल्या मुलाच्या वडिलांनी केलं तेच मला म्हणायचं होतं.

---

रानमोगरा

थोडं गंभीर लिहिते. वर मुलुंडवासींनी मुलांनी जिवाचं बरंवाईट करण्याचा विषय सहज काढला, तो सहज सोडू नये असं वाटतं. माझी भाची प्रिलिमनंतर जेवेना, रात्रभर जागी, "माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले" हेच सारखं. बहिणीला वाटलं परीक्षेपुरतं आहे. मी म्हटलं वाट बघायची नाही. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन केला, सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. त्यांनी आधी बहिणीशी, मग भाचीशी शांतपणे बोलून पुढे डॉक्टरांकडे जायला सांगितलं. आता उपचार चालू आहेत, ती परीक्षेला बसणार आहे.

झोप, जेवण, बोलणं यांपैकी काही अचानक बदललं, किंवा मूल "मी नसले तर बरं" असं काही बोललं, तर त्याला नाटक म्हणू नका. त्याच दिवशी मदत घ्या. आणि मुलाला एकटं सोडू नका.

एक अजून. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो, पुरवणी परीक्षाही निकालानंतर लगेचच होते. पॉलिटेक्निकला ३५ टक्क्यांवर अर्ज करता येतो, आयटीआय आहे. हे मुलांना परीक्षेच्या आधी, शांतपणे सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी सांगितलं तर ते सांत्वन वाटतं आणि मुलं विश्वास ठेवत नाहीत.

---

कृष्णकमळ

रानमोगरा, हे लिहिलंत फार बरं केलंत. भाचीला लवकर बरं वाटो.

एक विनंती सगळ्यांना. कुणाला पेपर बघायला मदत हवी असेल तर प्रश्नवार मार्क इथे लिहा, फोटो टाकायचा असेल तर मुलाचं आणि शाळेचं नाव झाकून. फळा_खडू मॅडमना विचारून लिहितेय.

---

गिरणगावकर

मग मीच सुरुवात करतो. काल रात्री मुलाचा विज्ञान भाग १ घेऊन बसलो. तो आधी देईनाच, वाटलं ओरडणार. ४० पैकी २२. पहिल्या प्रश्नात १० पैकी ९. शास्त्रीय कारणांत ४ पैकी १. दुसऱ्यातल्या ब मध्ये ६ पैकी ४. तिसऱ्या प्रश्नात १५ पैकी ६. शेवटच्या ५ पैकी २. तिसऱ्यात भिंगाचं गणित सोडवलंय, उत्तर बरोबर, तरी तीनपैकी दीडच. का ते त्यालाही माहीत नाही. नव्वदचं लक्ष्य मी सोडलेलं नाही, पण मॅडम, हे बघून काही सांगता येईल का?

---

फळा_खडू

नक्की. पहिल्यात ९ आहेत म्हणजे धडे वाचलेले आहेत, पाया चांगला आहे. मुलाला हे आधी सांगा.

भिंगाच्या गणितात बहुधा दिलेली माहिती आणि सूत्र न लिहिता थेट आकडे टाकले असतील, किंवा उत्तराला सेंटिमीटर नसेल, किंवा वस्तूच्या अंतराचं ऋण चिन्ह मध्येच गळलं असेल. वही काढून त्याच धड्यातली चार गणितं याच क्रमाने लिहायला लावा: दिलेलं, सूत्र, किमती, उत्तर, एकक. गुरुत्वाकर्षण आणि उष्णतेच्या गणितांनाही हाच क्रम.

शास्त्रीय कारणांत मुलं नुसतं विधान फिरवून परत लिहितात. दोन मार्कांना दोन मुद्दे लागतात, शेवटी "म्हणून" ने जोडायचे. रोज दोन कारणं, इतकंच. ती तुम्हीही तपासू शकाल दादा, पुस्तक समोर ठेवून मुद्दे मोजायचे.

तिसऱ्या प्रश्नात आठातले पाच सोडवायचे असतात. त्याने कोणते पाच निवडले आणि कोणते तीन सोडले ते लिहा. मला वाटतं आवर्तसारणी आणि कार्बनी संयुगं सोडली असावीत. तसं असेल तर शनिवारी तेच दोन धडे घ्या, बाकी काही नको.

---

गिरणगावकर

कार्बनी संयुगं सोडलीत, बरोबर ओळखलंत. आवर्तसारणीचा सोडवलाय, पण त्यात एकच मार्क. धातुविज्ञानाचाही सोडलाय. शनिवारी मला सुट्टी आहे, दुपारी बसतो त्याच्याबरोबर. विज्ञान भाग २ चा पेपर सोमवारी मिळणार आहे, तोही इथे लिहीन.